चिल्काच्या काठाने कटकपर्यंत: गोपाळपूर–रंभा–मंगलाजोडी–कटक रस्त्याने कसं करावं

ओडिशाच्या किनाऱ्यावर गोपाळपूरहून निघून चिल्का सरोवराच्या पश्चिम काठाने कटकला पोहोचायचं, तर अंतर आडवाटा धरून जेमतेम सव्वादोनशे किलोमीटर भरतं. राष्ट्रीय महामार्ग १६ बहुतेक ठिकाणी उत्तम आहे. नुसतं गाडी हाकायचं ठरवलं तर पाच तासांत संपेल, आणि बरेच जण तसंच करतात. पुरीला जाता जाता बरकुलला तासभर बोट, एक फोटो, की झालं चिल्का. या रस्त्याला तीन मुक्काम आणि चार दिवस द्या. इथलं वेळापत्रक किलोमीटर ठरवत नाहीत. वारा कधी सुटतो आणि पक्षी कधी हलतात, त्यावर ते ठरतं.

दिशाही दक्षिणेकडून उत्तरेकडेच ठेवा. कारण पाण्याचं आहे. कटकच्या पश्चिमेला नराज इथे महानदीला काठजोडी हा फाटा फुटतो. काठजोडीतून कुआखाई आणि कुआखाईतून दया आणि भार्गवी निघतात. या शेवटच्या दोघी चिल्काच्या उत्तर टोकाला गोडं पाणी आणि गाळ आणून टाकतात. त्यामुळे सरोवराची उत्तर बाजू उथळ, गोडी, गवताळ आणि दक्षिण बाजू खोल, मचूळ, खडकाळ आहे. रंभाहून मंगलाजोडीला आणि तिथून कटकला जाताना आपण त्या पाण्याच्या उगमाकडे सरकत असतो. पाणवनस्पती आणि पक्षी टप्प्याटप्प्याने बदलत जातात. उलट दिशेने आलात तर पहिल्याच सकाळी मंगलाजोडी लागते, आणि त्यानंतर रंभा फिकी वाटते.

कोकणातल्या खाड्या डोळ्यांसमोर ठेवून जाणाऱ्यांसाठी एक सूचना: इथे तिवरांचं दाट जंगल जवळपास नाही. हे लगून आहे, म्हणजे वाळूच्या लांबच लांब पट्टीने समुद्रापासून तुटलेलं पाणी. उन्हाळ्यात सुमारे ९०० आणि पावसाळ्यात साडेअकराशेच्या वर चौरस किलोमीटर पसरतं. कांदळवनच पाहायचं असेल तर कटकहून पुढे भितरकनिका आहे, पण तो वेगळा प्रवास. मगरींच्या विणीमुळे ते १ मे ते ३१ जुलै बंदही असतं.

कधी जायचं

नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीअखेर. स्थलांतरित पक्षी ऑक्टोबरपासून उतरू लागतात, पण ऑक्टोबर हा या किनाऱ्यावर चक्रीवादळांचाही महिना आहे. २०१३ चं फायलिन १२ ऑक्टोबरला गोपाळपूरजवळच धडकलं होतं. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातही बंगालच्या उपसागरात काही शिजत असतं. म्हणून तेव्हा निघत असाल तर आठवडाभर आधीपासून हवामान खात्याचं पत्रक रोज पाहा आणि हॉटेलं रद्द करता येतील अशीच घ्या. मार्चपासून दक्षिणेचा वारा जोर धरतो. सरोवर उथळ असल्यामुळे अशा वाऱ्यात लाटा आखूड आणि उभ्या होतात आणि लहान होड्या बंद ठेवाव्या लागतात.

सर्वांत चांगले दिवस जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य, त्यातही सोमवार ते गुरुवार. डिसेंबर-जानेवारीतले रविवार आणि १ जानेवारी टाळाच. सहलींच्या बसगाड्या, कर्णे आणि जेटीवर दोन-दोन तासांची रांग. मकर संक्रांतीला काळीजाई बेटावरच्या देवळात मोठी जत्रा भरते, त्या दिवशी बरकुलची बोट मिळणं कठीण. कार्तिक पौर्णिमेला कटकमध्ये महानदीच्या काठी बालियात्रा सुरू होते. जत्राच पाहायची असेल तर प्रश्न नाही. शहर शांतपणे पाहायचं असेल तर ते दिवस सोडा, नदीकाठचे रस्ते तेव्हा गच्च भरलेले असतात.

महाराष्ट्रातून जाणारे हमखास चुकतात ते घड्याळात. ओडिशा आपल्या बरंच पूर्वेला आहे. डिसेंबरच्या मध्यावर मुंबईत सूर्य सहा वाजून गेल्यावर मावळतो, इथे सव्वापाचच्या आतच. साडेपाचनंतर गावातल्या रस्त्यावर मिट्ट काळोख. ‘चारला निघू, साडेपाचला पोहोचू’ हा आपला हिशेब इथे अंधारात नेऊन सोडतो. सगळं तासभर अलीकडे ओढा: उठणं पाचला, होडी सहाला, दुपारचं जेवण साडेबाराला, गाडी बंद पाचला.

गाडी आणि सामान

स्वतःची गाडी मुंबई-पुण्याहून इथवर आणण्यात फारसा अर्थ नाही. जायला दोन आणि यायला दोन दिवस नुसते महामार्गावर जातात. मुंबईहून पुणे, सोलापूर, सिकंदराबादमार्गे भुवनेश्वरला जाणारी कोणार्क एक्सप्रेस ब्रह्मपूरला थांबते. तिथे उतरून गाडी घ्या आणि कटक किंवा भुवनेश्वरला सोडा. चालकासह घेतली तर परतीचं रिकाम्या गाडीचं भाडं लागेल, ते आधी ठरवा. स्वतः चालवायला घेतली तर करारात दोन गोष्टी वाचा: गाडी दुसऱ्या शहरात सोडता येते का, आणि फेरीबोटीवर चढवलेली चालते का. बऱ्याच करारांत पाणी आणि वाळू यांमुळे झालेलं नुकसान विम्याबाहेर ठेवलेलं असतं.

मोठी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी लागत नाही. साधी हॅचबॅक चालते. मात्र ताब्यात घेताना एवढं पाहा:

– स्टेपनीतली हवा, जॅक, पाना आणि गाडी ओढायचा हुक. हुक बहुतेक गाड्यांत सुटा, हत्यारांच्या पिशवीत असतो आणि भाड्याच्या गाडीत अनेकदा गायब असतो.
– वायपरची रबरं आणि काच धुण्याचं पाणी. पहाटे खारट दमटपणा काचेवर चिकट थर धरतो, कोरडा वायपर फिरवला की समोरचं दिसेनासं होतं.
– धुक्याचे दिवे. नसतील तर हेडलाइट लो बीमवर नीट खाली पडतो का. डिसेंबर-जानेवारीत पहाटे सरोवराकाठी धुकं दाट असतं आणि हाय बीमने ते आणखी पांढरं होतं.
– बारा व्होल्टचा हवा भरायचा पंप. वाळूत चाक रुतलं तर यासारखं उपयोगी दुसरं साधन नाही.

सामानात दुर्बीण हवीच, ८×४२ सर्वांत सोयीची. १०×५० ची हलत्या होडीत नजर ठरत नाही. कपडे मातकट, शेवाळी रंगाचे. कानटोपी आणि विंडचीटर, कारण पहाटे पाण्यावर अंगावर शहारा येईल इतकी थंडी असते आणि नऊनंतर ऊन भाजतं. डासांचं मलम संध्याकाळी पाचच्या आत लावा. कोरडी पिशवी किंवा जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या कॅमेऱ्यासाठी. रोख पैसे पुरेसे ठेवा, कारण जेटीवर यूपीआय चालतं ते नेटवर्क असेल तेव्हा.

पहिला दिवस: गोपाळपूर ते रंभा, पन्नासेक किलोमीटर

ब्रह्मपूरहून गोपाळपूर सोळा किलोमीटर. समुद्र इथे फसवा आहे. तट एकदम खोल जातो आणि खेचही आहे, तेव्हा पाय भिजवण्यापुरताच. दीपगृह आणि जुन्या धक्क्याचे उरलेले खांब पाहून दहापर्यंत निघा.

छत्रपूरला गावालगत टांपरा नावाचं गोड्या पाण्याचं लांबट तळं आहे, तेही रामसर यादीतलं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींपैकी. इथे अर्धा तास पुरे, पण तो द्या. पुढच्या तीन दिवसांत खारं, मचूळ, गोडं असं पाणी ओळखायला शिकायचं असेल तर पहिला नमुना हाच. पुढे गंजामला महामार्ग ऋषिकुल्या नदी ओलांडतो. या नदीच्या मुखाजवळच्या वाळूवर ऑलिव्ह रिडले कासवं हजारोंनी अंडी घालायला येतात, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये. तारीख आधी कुणीच सांगू शकत नाही, आणि एखाद्या वर्षी सामूहिक विण होतही नाही. त्या काळात तुम्ही असाल तर वनखात्याच्या माणसांना विचारल्याशिवाय किनाऱ्यावर उतरू नका. मोबाइलचा टॉर्च, फ्लॅश, गाडीचे दिवे सगळं बंद. पांढऱ्या उजेडाने माद्या माघारी फिरतात आणि पिल्लं समुद्राऐवजी उजेडाच्या दिशेने चालू लागतात. गाडी वाळूवर नेणं तर अजिबातच नको.

गंजाम आणि रंभाच्या मध्ये हुम्माची मिठागरं लागतात. महामार्गावरून दिसतात, पण थांबायचं ते महामार्गाच्या कडेला नाही. ट्रक ताशी ऐंशीने अगदी लगटून जातात. गावात वळून पक्क्या जागी गाडी लावा आणि पायी जा. वाफ्यांत शेकाटे, तुतवार, चिखले असे लांब पायांचे पक्षी चरताना दिसतात, दुपारच्या उन्हातसुद्धा.

इथेच या प्रवासातला सर्वांत हमखास फसणारा प्रसंग घडतो. मिठागराचा बांध वरून पांढरा, भेगाळलेला, कडक दिसतो. तो कडकपणा दोन-तीन बोटांच्या सालीचा असतो. खाली पाणी धरून बसलेली चिकणमाती. माणसाचं वजन साल पेलते, हजार किलोची गाडी नाही. एक चाक आत गेलं की एक्सलरेटर दाबून उपयोग नाही, कारण फिरतं चाक चिखल बाहेर फेकून स्वतःचाच खड्डा करतं आणि गाडी पोटावर बसते. रुतलीच तर:

१. लगेच थांबा. सगळ्यांना उतरवा, जड सामान काढा.
२. चाकांच्या पुढचा-मागचा चिखल हाताने किंवा फळीने काढून उतार करा.
३. इंजिन ज्यांना फिरवतं त्या चाकांतली हवा २० पीएसआयपर्यंत उतरवा. टायर पसरतो, जमिनीला टेकणारा भाग लांबतो आणि वजन वाटलं जातं.
४. चाकाखाली पेंढा, गोणपाट, गाडीतल्या रबरी चटया द्या.
५. आत आलात त्याच वाटेने रिव्हर्समध्ये, क्लच हळू सोडत बाहेर या. पुढे जाऊन वळवायचा मोह नको.
६. डांबरी रस्त्यावर आल्या आल्या पंपाने हवा भरा. कमी हवेवर महामार्गावर गाडी चालवली तर टायर तापून फुटतो.

रंभाला तीनच्या सुमारास पोहोचा. राज्य पर्यटन महामंडळाचा पांथनिवास थेट पाण्याला लागून आहे. खोली आधी आरक्षित करा, तळ्याकडे तोंड असलेली मागा. संध्याकाळी बोट घेण्याची घाई नको. दुपारनंतर वारा सुटलेला असतो आणि बेटांच्या पलीकडे गेल्यावर पाणी उसळतं. जेटीवर बसून सूर्यास्त पाहा आणि उद्याची सहाची बोट त्याच वेळी ठरवून टाका. बोटीचं भाडं माणशी नसून बोटीमागे असतं. दरफलक पाहून किती तास, कोणती बेटं, एवढं तिथल्या तिथे बोलून घ्या.

दुसरा दिवस: रंभाची सकाळ, मंगलाजोडीची संध्याकाळ

सकाळी सहा ते नऊ रंभाचं पाणी आरशासारखं असतं. हा दक्षिण भाग सरोवरात सर्वांत खोल, तरी खोल म्हणजे पुरुषभर, फार तर दोन. पूर्वघाटाचे डोंगर थेट पाण्यात उतरतात आणि त्यांची टोकं बेटं म्हणून वर येतात. ब्रेकफास्ट बेटावर जुन्या इमारतीचा अवशेष आहे, घंटाशिळा आणि पक्षिबेटावर पाणकावळे, बगळे, घारी. बारकुडा बेटाचं नाव प्राणिशास्त्रात आहे ते तिथे सापडलेल्या बिनपायाच्या सरड्यामुळे. १९१७ मध्ये नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी तो नोंदवला. तो दिसेल अशी आशा धरू नका, जमिनीखालीच राहतो. जीवरक्षक जाकीट घालणं सक्तीचं आहे. पट्टा ओढून पाहा, बऱ्याच जाकिटांच्या बकला तुटक्या असतात.

साडेनऊला नाश्ता, दहाला प्रस्थान. रंभा ते बालुगाव तीस-पस्तीस किलोमीटरमध्ये एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला रेल्वे आणि तिच्यापलीकडे पाणी. या टप्प्यावर वेग साठाच्या आसपास ठेवा. रस्ता वाईट नाही. धोका आहे तो दुभाजकाच्या फटींचा: त्यातून उलट दिशेने येणाऱ्या रिक्षा आणि दुचाक्या, आणि कडेला दिवे न लावता उभे ट्रक. महामार्गाला समांतर गावरस्त्यावर उतरलात तर नोव्हेंबर-डिसेंबरात भाताची मळणी चाललेली असते आणि पेंढा रस्त्यावरच पसरलेला असतो, गाड्यांच्या चाकांनी झोडपून निघावा म्हणून. जाड थरावरून गाडी नेऊ नका आणि त्यावर उभी तर मुळीच करू नका. पेंढा एक्सलभोवती गुंडाळतो आणि तापलेल्या सायलेन्सरला लागून पेटतो. वळसा मिळत नसेल तर थांबून माणसांना सांगा, ते बाजूला सारतात.

बरकुल बालुगावच्या अलीकडेच. काळीजाईला इथूनच जातात. देवळाची ओढ नसेल तर बरकुल सोडून द्या. नळबण हे साडेपंधरा चौरस किलोमीटरचं पक्षी अभयारण्यही इथून बोटीने होतं, पण जायला-यायला तीन-चार तास जातात, बेटावर उतरायला बंदी आहे आणि इंजिनाच्या आवाजाने पक्षी लांबूनच उठतात. रोहित पक्ष्यांचा मोठा थवा हवा असेल तरच त्या वाटेला जा.

बालुगावात पेट्रोल भरा आणि जेवा. चिल्काचे खेकडे आणि कोळंबी इथल्यासारखी पुढे मिळणार नाही. ‘खइंगा’ मिळाला तर तो मागा, बोय जातीचा मासा, मोहरीच्या रश्श्यात. खेकडा वजनावर विकतात. आधी तोलून भाव ठरवा, मग शिजवायला द्या.

बालुगावहून टांगी पस्तीसेक किलोमीटर, तिथे महामार्ग सोडून उजवीकडे पाच-सहा किलोमीटरवर मंगलाजोडी. शेवटचा रस्ता अरुंद आहे, गावातून जातो. दोनच्या सुमारास पोहोचून खोलीत सामान टाका आणि तीनला होडीवर हजर व्हा.

मंगलाजोडीत कसं बघायचं

हे गाव एके काळी पक्ष्यांच्या शिकारीसाठी कुप्रसिद्ध होतं. २००० च्या सुमारास गावकऱ्यांनीच संरक्षण समिती उभी केली आणि आज तुमची होडी ढकलणारा माणूस बहुधा त्यांपैकीच एखाद्या घरातला असतो. त्याला पक्षी माहीत आहेत, पक्ष्यांना तो माहीत आहे. हे शिकलेलं ज्ञान नव्हे, म्हणून त्याला घाई करू नका आणि ‘तिकडे जवळ घ्या’ असं सारखं म्हणू नका. जवळ जाता येण्यासारखं असेल तेव्हा तो आपण होऊन नेतो.

होडी सपाट बुडाची, बिनइंजिनाची, लांब बांबूने ढकलायची. चारपेक्षा जास्त जण बसू नका. बसायला जागा असते, पण पाचवा माणूस चढला की होडी खाली दबते आणि उथळ चरात गाळाला घासते. पुढे बसेल तो छायाचित्र काढणारा. उभं राहायचं नाही. पडण्याची भीती हे एक कारण, आणि पाण्यावर उभी मानवी आकृती दिसली की पक्षी उडतात हे दुसरं. बसलेल्या माणसासह सरकणारी होडी त्यांच्या सवयीची आहे.

दोन फेऱ्या घ्या, एक आज संध्याकाळी तीन ते पाच आणि एक उद्या सकाळी सहा ते साडेआठ. एका फेरीत उरकणाऱ्यांना अर्धंच दिसतं. संध्याकाळी उजेड सोनेरी असतो आणि बदकं चरायला सरसावतात. सकाळी भोवत्या हा शिकारी पक्षी गवतावरून खालून उडत जातो आणि त्याच्या सावलीने हजारो गॉडविट, लांब चोचीचे पाणथळीतले पक्षी, एकदम उठतात. ते दृश्य बहुतेक सकाळीच मिळतं. थवा उठला की चटकन त्याकडे न बघता त्याच्या मागे, वर बघा, शिकारी तिथे असतो.

कशाची अपेक्षा ठेवायची: काळ्या शेपटीचे गॉडविट हजारोंनी, चक्रवाक जोडीने, तलवार बदक, थापट्या, जांभळी पाणकोंबडी अगदी हाताच्या अंतरावर, कमळपक्षी, मुग्धबलाक, शराटी, शेकाटे, सुरय, तीन-चार जातींचे खंड्या. ओडिया ‘चढेई’ म्हणजे पक्षी, ‘डंगा’ म्हणजे होडी, ‘आस्ते’ म्हणजे हळू. नाविकाला ‘भाइना’ म्हणा.

छायाचित्रांसाठी ४०० मिलिमीटरची लेन्स पुरेशी आहे, कारण होडी पाण्यापासून हातभरच उंच असते आणि पक्षी डोळ्यांच्या रेषेत येतो. शटरचा वेग उडत्या पक्ष्याला १/२००० सेकंद, बसलेल्याला १/८००. ट्रायपॉड होडीत निरुपयोगी. मांडीवर उशी किंवा गुंडाळलेलं जाकीट घेऊन त्यावर लेन्स टेकवा. सूर्य पाठीमागे राहील अशी होडी वळवायला सांगा, ते लगेच समजतात. दहा वाजले की कॅमेरा पिशवीत टाका. पाण्यावरून वाफ उठते आणि लांबचं प्रत्येक चित्र थरथरतं येतं.

तिसरा दिवस: कटककडे, शंभरेक किलोमीटर

सकाळची फेरी आटोपून दहाला निघा. लवकर नको आणि उशीरही नको, कारण वाटेत भुवनेश्वर आहे आणि महामार्ग शहराच्या पोटातूनच जातो. नऊ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ खंडगिरी ते रसूलगढ हा पट्टा रांगत सरकतो. दहाला टांगीहून निघालात तर साडेअकराच्या पुढे, गर्दी ओसरल्यावर शहरात शिरता.

भुवनेश्वरनंतर दोन वाटा. सरळ महामार्गाने गेलात तर पाहाळ लागतं, रसगुल्ल्यांच्या दुकानांची रांग. ओडिशाच्या रसगुल्ल्याला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इथला रसगुल्ला बंगालीइतका पांढरा आणि रबरी नसतो, तांबूस आणि मऊ असतो. गरम असेल तेव्हाच खा, बांधून नेला तर संध्याकाळपर्यंत बिघडतो. या वाटेने कुआखाई आणि काठजोडी ओलांडून शहर. मंगलाजोडीला सकाळी ज्या पाण्यावर होतात त्याची वाट याच पुलांखालून जाते. दुसरी वाट नंदनकाननवरून त्रिसुलियाला आणि तिथून नेताजी सुभाषचंद्र बोस सेतूने. २०१७ मध्ये खुला झालेला हा जवळजवळ तीन किलोमीटरचा पूल काठजोडीचं रुंद वाळवंट दाखवत थेट शहरात उतरवतो. महामार्ग तुंबला असेल तर हीच घ्या.

कटकच्या जुन्या वस्तीत गाडी नेऊ नका. दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या जिभेवर शहर वसलं आहे, गल्ल्या तशाच चिंचोळ्या. हॉटेल नदीकाठच्या रिंग रोडच्या आसपास घ्या, गाडी तिथे लावा आणि आत रिक्षाने फिरा.

संध्याकाळ कुठल्या काठावर घालवायची हे बहुतेकांचं चुकतं. महानदीचं नाव मोठं म्हणून लोक उत्तरेच्या काठावर जातात. तिथे जोब्राच्या बंधाऱ्याने पाणी अडवलेलं असल्यामुळे हिवाळ्यातही नदी भरलेली दिसते, पण सूर्य पाठीमागे मावळतो. हिवाळी सूर्यास्त नैर्ऋत्येला, म्हणजे काठजोडीवर. जुना दगडी बांध, खाली वाळू आणि त्यात पाण्याचे दोन-तीन ओहोळ. पुरापासून शहर वाचवणाऱ्या या बांधाचं श्रेय परंपरेने अकराव्या शतकातल्या मर्कट केशरी राजाला देतात. महानदी सकाळसाठी राखून ठेवा.

चौथा दिवस: शहर आणि नराज

सकाळी सातला नराज, शहरापासून बाराएक किलोमीटर पश्चिमेला. महानदी इथे डोंगरातून सुटून त्रिभुज प्रदेशात शिरते आणि फाटते. बंधाऱ्यावर गाडी उभी करू नका, अलीकडे लावून चालत जा. काठजोडीत किती पाणी सोडायचं ते या दरवाज्यांवर ठरतं, आणि त्याचा हिस्सा पुढे दया-भार्गवीतून चिल्कात पोहोचतो. वरून येणारा गाळ सरोवराचं मुख बुजवत गेला, खारेपणा घटला, पाणगवत माजलं आणि १९८१ पासून रामसर यादीत असलेलं चिल्का १९९३ मध्ये धोक्यातल्या पाणथळींच्या माँत्रो नोंदीत गेलं. सप्टेंबर २००० मध्ये सातपडाजवळ नवं मुख खोदून समुद्राकडची वाट १८ किलोमीटरने कमी केली, आणि २००२ मध्ये ते नोंदीतून बाहेर आलं.

परत येताना जोब्राचं सागरी संग्रहालय आणि नंतर बाराबती किल्ला. किल्ला म्हणजे आता खंदक, एक दरवाजा आणि मधला उंचवटा. तासभर पुरतो. मराठी माणसाने मात्र पाहावा: १७५१ पासून १८०३ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा ओडिशातला कारभार याच शहरातून चालला. ओडिया बाजारातलं जानकीनाथ भवन, नेताजींचं जन्मघर, पायी होतं. संग्रहालयं सोमवारी बहुतेक बंद असतात, म्हणून हा दिवस सोमवारी येणार नाही असं पाहा. खरेदी करायची तर तारकसी, चांदीच्या तारेचं काम, नयासडक आणि बालू बाजारात. वजन आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या. सकाळच्या नाश्त्याला दहीबरा-आळूदम, म्हणजे दह्यातले वडे आणि बटाट्याचा रस्सा, हातगाडीवर. दहाअकरानंतर चांगल्या गाड्या रिकाम्या होतात.

दुसरी वाट: वाळूच्या पट्टीवरून

वेळ एक-दोन दिवस जास्त असेल आणि मंगलाजोडी सोडायची तयारी असेल, तर रंभाहून पालूरमार्गे चिल्का आणि समुद्र यांच्यामधल्या पट्टीवर चढता येतं. मालुदवरून जान्हिकुडा, तिथून गाडीसह फेरीबोटीने सातपडा, मग पुरी पन्नासेक किलोमीटर, सुरूच्या बनातून कोणार्क आणखी पस्तीस, आणि गोप-नियालीमार्गे कटक सत्तरेक. १८०३ मध्ये भोसल्यांवर चालून आलेली इंग्रज कर्नल हार्कोर्टची फौज गंजामहून निघाली ती याच पट्टीने. माणिकपाटण्याला मुख ओलांडून पुरी घेतली आणि १४ ऑक्टोबरला बाराबती पडला. नकाशा पाहिला की कळतं, या वाटेवर अडवायची जागा एकच होती आणि ती हातची गेली.

रस्ता सुंदर आणि संथ. सरासरी ताशी तीसच्या वर धरू नका. पालूरच्या आधी टाकी पूर्ण भरा. फेरीच्या फेऱ्या दिवसातून मोजक्याच आणि वाऱ्यात बंद. वेळ आदल्या दिवशी हॉटेलवाल्याकडून फोन करून पक्की करा आणि तासभर आधी जेटीवर रांगेत लागा. चढवताना बाकी सगळ्यांना उतरवा, काचा खाली घ्या, फळीच्या उताराला किंचित तिरकं जा, नाहीतर पुढचा बंपर घासतो. बोटीवर हँडब्रेक आणि पहिला गिअर, आणि चालकानेही बाहेर उभं राहायचं. शेवटची फेरी चुकली तर मागे वळून रंभाच गाठावं लागतं, म्हणून दुपारच्या फेरीवरच बेत आखा.

सातपडाला इरावती डॉल्फिन दिसतात, सरोवरात दीडशेच्या आसपास आहेत. सकाळी जा, आणि बोटवाल्याला आधीच सांगा की दिसल्यावर इंजिन बंद. पाठलाग केला तर ते पाण्याखालीच राहतात आणि तुम्हाला पाठीचा पुसट डाग दिसतो. मुखाजवळच्या वाळूवर तुमच्यासमोर शिंपला फोडून ‘मोती’ विकणारे भेटतात. मोती आधीच आत सरकवलेला असतो. घेऊ नका.

गाडी सोडण्याआधी

कटकला गाडी परत करण्याआधी खालून गोड्या पाण्याने धुवून घ्या, ब्रेकच्या चकत्या आणि चाकांच्या आतल्या कमानी धरून. खारा चिखल दोन-तीन दिवस राहिला तर लोखंडाला गंज धरतो आणि भाड्याच्या गाडीवर त्याचे पैसे तुमच्याकडूनच कापले जातात. दाबाचा फवारा रेडिएटरच्या पात्यांवर आणि इंजिनाखालच्या वायरींच्या जोडांवर मारू देऊ नका. मुंबई-पुण्याची परतीची कोणार्क एक्सप्रेस भुवनेश्वरहून सुटते, तेव्हा कटकहून तीस किलोमीटरला गर्दीत दीड तास धरा.